फादरांना बोलवायचं राहिलं

माझा नवरा कॅथलिक होता आणि मी प्रोटेस्टंट. आम्ही रिटायर होऊन पुण्याजवळच्या मुठा गावात राहायला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं होतं, "तुमी दोघंबी किरिस्ताव ना? मग रव्वारी हे स्कूटरवर एकीकडं अन् तुमी बसनं दुसरीकडं, असं का?"

मी म्हटलं, "आमची चर्चेस वेगळी आहेत."

"देव येगळा हाय?"

"नाही, देव एकच."

"मग पोथी?"

"तीही एकच. त्यांच्यात थोडी पानं जास्त आहेत."

काकूंनी कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग भांडान कशाचं हाय?" मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. असा प्रश्न कानावर पडला की मला खडू शोधावासा वाटतो. मी त्यांना तिथेच उभ्याउभ्या अर्धा तास सगळं समजावलं. काकू सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "व्हय का," आणि गुरांना पाणी दाखवायला गेल्या.

मला समजावायला आवडतं आणि जिंकायला त्याहून जास्त आवडतं. हा माझा स्वभाव वडिलांकडून आला. ते पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू होते. देशावरच्या एका लहान गावातल्या मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचं काम त्यांनी पंचवीस वर्षं पाहिलं. आमच्या घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि त्यात प्रत्येक मुलाने एक वचन वाचून त्याचा अर्थ सांगायचा असा नियम होता. पाठ केलेला अर्थ चालायचा नाही. "तुला काय कळलं ते सांग," वडील म्हणायचे. मी सात वर्षांची असताना एका वचनाचा असा काही अर्थ सांगितला की आई दचकली, पण वडिलांनी मला जवळ घेतलं. देवाशी बोलायला तुला कुणाची परवानगी लागत नाही, मध्ये कोणी लागत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. माझ्या आजीला गावात कोणी पाटीला हात लावू दिला नसता. तिला मिशनवाल्यांनी अक्षर शिकवलं ते याच हट्टाने, की प्रत्येकाने शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतः वाचलंच पाहिजे. आमच्या घरात चार पिढ्या शिकल्या त्या या एका विचारावर. त्याचा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही.

नवरा वसईकडचा. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. पण मिस्सातली, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेतली प्रत्येक ओळ तिला येत होती, कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी गप्प बसायचं हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गावच्या सणाला गेले. बँड, मिरवणूक, संताची मूर्ती, मेणबत्त्या, शेकडो माणसांचं जेवण. माझ्या डोक्यात वडिलांचं एकच वाक्य घुमत होतं, की हे सगळं येशूच्या आड येतं. सासूबाईंनी माझ्या हातात मेणबत्ती दिली आणि मी ती न पेटवता परत दिली. त्यांनी ती पेटवली आणि माझ्या नावाने लावली. परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला विचारलं, "मला पटत नसताना माझ्या नावाने मेणबत्ती लावून काय मिळतं?" तो म्हणाला, "तुझ्यासाठी कोणीतरी उभं राहिलं, एवढं मिळतं." मला हे उत्तर वाटलंच नाही, पळवाट वाटली.

लग्नाच्या आधी त्याला त्याच्या फादरांसमोर एका कागदावर सही करावी लागली होती, की होणारी मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी तो शक्य ते सगळं करेल. तो कागद माझ्या वडिलांनी दोनदा वाचला. ते शांत माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "पोटात नसलेल्या पोराची बुद्धी गहाण टाकून आलाय." नवरा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "गहाण नाही टाकली, सर. शाळेत घातली." वडील हसले नाहीत. मी मात्र हसले, आणि त्याच हसण्यावर आमचं लग्न ठरलं असं मी मानते.

लग्न ठरताना आणखी एक गोष्ट झाली, ती सांगितली पाहिजे. ख्रिस्तात जात नाही, हे वडील दर चार रविवारांतून एकदा व्यासपीठावरून सांगायचे आणि मनापासून सांगायचे. तरी माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला तो, "त्यांच्यातले मूळचे कोण?" तिकडे वसईत सासूबाईंच्या जावेनेही अगदी हाच प्रश्न विचारला होता, हे मला नंतर कळलं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ज्यावरून युरोपात माणसांनी एकमेकांना जाळलं, त्या सगळ्या वादांत या दोघी बायकांचं फक्त या एका मुद्द्यावर एकमत होतं. यावर नवरा आणि मी पुढे पुष्कळ हसलो, पण ते हसू फार चांगल्या चवीचं नव्हतं.

आमची भांडणं स्वयंपाकघरात व्हायची. तो पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. बनून आलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि पास की नापास हे ठरवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. एकदा मी म्हटलं, "आम्ही शास्त्र स्वतः वाचतो आणि स्वतः ठरवतो. तुमच्यात रोमहून कोणीतरी ठरवतो आणि तुम्ही मान डोलावता." तो कांदा चिरत होता. म्हणाला, "आमच्या खात्यात एक नियम आहे. बनवणारा आणि मोजणारा एक असता कामा नये. जो कामगार स्वतःचा भाग स्वतः मोजतो, त्याचा भाग कधीच नापास होत नाही."

तिसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेलेला असताना मी दाराबाहेरून ओरडले, "आणि मोजायचं गेजच चुकीचं असलं तर?"

आतून उत्तर आलं, "गेज कॅलिब्रेशनला, तपासून घ्यायला पाठवतात. वेळ लागतो, पण पाठवतात."

"पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या बाबतीत साडेतीनशे वर्षं लागली!"

"पाठवलं ना पण शेवटी? तुमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात स्वतःचं गेज. मग तीन जणांची मंडळी आणि चार मतं."

हे मात्र झोंबलं, कारण ते खरं होतं. आमची मंडळी तोवर दोनदा फुटली होती. एकदा उपासनेत तबला असावा की नसावा यावरून, आणि एकदा कंपाउंडाच्या जागेवरून, तो खटला अजून चालू आहे. प्रत्येक गटाकडे आपल्या बाजूची वचनं होती आणि प्रत्येक जण ती स्वतः वाचून आला होता. वडिलांचं शेवटचं वर्ष यात गेलं. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडे येऊन त्यांनीच शिकवलेलं त्यांना ऐकवून जायचे.

बुद्धी आमच्या बाजूला आहे असं मी धरून चालले होते. विज्ञान शिकवणारी मी, मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारा तो, यात वेगळं काय सिद्ध करायचं? पण एका पावसाळ्यात त्याने माझ्या वडिलांच्या जुन्या उपदेशांची वही काढून मला एक पान दाखवलं. माणसाची बुद्धी पापाने बिघडलेली आहे, तिच्या जोरावर देवापर्यंत पोचता येत नाही, फक्त विश्वासाने पोचता येतं, असं वडिलांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं. तो म्हणाला, "आमच्यात हे चालत नाही. आमच्यात म्हणतात, बुद्धी देवानेच दिली, ती दारापर्यंत नक्की नेते, पुढचं विश्वासाने. बुद्धीला आम्ही घरात घेतलं, तुम्ही अंगणात उभी केली. आणि तरी अक्कल वाटायला तुम्हीच येता. बिघडलेल्या बुद्धीने तू शाळेत प्रकाशाचं परावर्तन कसं शिकवतेस?" मी वही हिसकावून घेतली. वडील तेव्हा हयात नव्हते, नाहीतर मी ती त्यांच्यापुढे नेऊन टाकली असती.

काही बाबतीत मी आतून हरले होते, तेही सांगते. त्याच्या चर्चमधली माणसं एकमेकांना धरून असायची. कोणाच्या घरी आजारपण आलं की डबे सुरू, कोणाच्या मुलीची फी अडली की चार बायका एकत्र, आणि हे सगळं पुण्य कमवायला करतात असं म्हणून मी नाक मुरडायचे. आमच्याकडे तारण, म्हणजे मुक्ती, फक्त विश्वासाने, कृत्यांनी नाही, म्हणून आम्ही कृत्यं जरा निवांत करायचो. आणि आमच्याकडचं एक त्याला आतून पटलेलं होतं. त्याच्या आईला कोणी वाचायला शिकवलं नाही, हे त्याला खुपायचं. "पाचशे वर्षं तिथे चर्च आहे आणि माझ्या आईच्या हातात पुस्तक नाही," असं तो एकदा म्हणाला आणि त्या दिवशी मी वाद घातला नाही.

काकूंना या सगळ्याची सवय झाली. माझं त्याला अरे-तुरे करणं त्यांना पटायचं नाही, पण आमचा आवाज चढला की त्या तिकडून हाक मारायच्या, "झालं का सुरू? कोन जिकलं आज?" मुठ्यात आमची ओळखच ती झाली. आमची मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि नांद्याला फ्लॅट घेऊन राहते. ती दोन्हीकडे जात नाही. तिला मित्रमंडळींनी धर्म विचारला की ती म्हणते, "आईबाबांची डिबेट." तिला ते गमतीचं वाटतं. आम्हालाही वाटायचं.

मग त्याची फुप्फुसं निकामी होत गेली. कारखान्यातली धूळ म्हणा, वय म्हणा, डॉक्टरांनी कारण सांगितलं पण उपाय सांगितला नाही. शेवटी त्यांनी घरी न्यायला सांगितलं आणि आम्ही ऑक्सिजनचं मशिन घेऊन मुठ्याला परत आलो. आठवडाभराचा प्रश्न आहे असं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याला सांगितलं नव्हतं, पण आयुष्यभर पास-नापास करणाऱ्या माणसाला ते सांगायला लागत नाही.

सोमवारी सकाळी मी त्याच्यासाठी पेज करत होते. पलंग मुद्दामच स्वयंपाकघराच्या दारासमोर लावलेला होता. तो म्हणाला, "फादरांना बोलावतेस का?"

कॅथलिक माणूस मरणाला टेकला की फादर येतात, त्याची पापं ऐकतात, क्षमेचं वाक्य म्हणतात, कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. मला हे सगळं माहीत होतं. या विषयावर आमचे किमान वीस वाद झालेले होते. आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं, "देवाला फोन थेट लागतोय ना? मग एक्स्चेंज कशाला?"

मी पळी हातात घेऊन वळले, त्याच्या उत्तराची वाट बघत. मला खरंच वाटलं की हा नवा डाव आहे. इतक्या दिवसांनी त्याला वाद घालायचा जोर आला, याचा मला आनंद झाला होता. तो हसला. श्वास घेऊन म्हणाला, "जिंकलीस." मग डोळे मिटले. मी पेज ढवळत राहिले आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

त्याने पुन्हा विचारलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी, मुलगी येऊन अर्धा तास झाला होता, तेव्हा तो गेला. फार त्रास झाला नाही. मुलीने डोळे पुसले आणि पहिला प्रश्न केला, "आई, फादर येऊन गेले ना?"

मी नाही म्हटलं. दोन्हीकडे न जाणारी मुलगी ती. "बाबांनी मागितलं नाही?" असं तिने विचारलं आणि मी म्हटलं, "आपलं नेहमीचं बोलणं झालं तेवढं." तिने फोन उचलला आणि बाहेर जाऊन फादरांना लावला.

फादर चांदणी चौकातल्या गर्दीतून दोन तासांनी पोचले. तरुण होते, धाप लागलेली. त्यांनी प्रेतापाशी प्रार्थना केली. तेल लावलं नाही, कारण ते जिवंत माणसालाच लावतात. त्यांच्या मागोमाग त्याच्या चर्चच्या बायका टेम्पोने आल्या आणि अर्ध्या तासात घर त्यांच्या ताब्यात गेलं. कोणी सतरंज्या घातल्या, कोणी चहा केला, कोणी जपमाळ सुरू केली. मला कोणी काही विचारलं नाही आणि मला त्याचं हायसं वाटलं. गळ्यात क्रॉस घातलेल्या एवढ्या बायका बघून गावातली दोन-तीन पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली. इथे धर्मांतराचं काही चाललंय का, असं त्यातल्या एकाने विचारलं. काकू आतून बाहेर आल्या. "मेल्या मान्साला कोन बाटवतंय व्हय रं? गाडग्यात पानी भरून आना नायतर घरला जावा." पोरं गेली. त्यातला एक खरंच पाण्याचा जार घेऊन आला.

माझी मंडळीही आली. पाळकसाहेब चाळीस मिनिटं बोलले. मेलेल्यांसाठी प्रार्थना का करू नये हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी जपमाळ हातात धरलेल्या त्या बायकांसमोर नीट क्रमाने मांडला. बायकांनी ऐकून घेतलं. मी मान खाली घालून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या बाजूचं बरोबर बोलणं ऐकवत नव्हतं. त्याला त्याच्या लोकांच्या कबरस्तानात पुरलं. माझी जागा तिथे नाही, आमच्या लोकांचं कबरस्तान निराळं आहे.

महिन्याभराने काकू दूध घेऊन आल्या आणि ओट्यापाशीच थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंय. लई दिस पोटात हाय."

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"तुमी मंगळवारी आंगुळीला गेलावता. मी भाजी द्याया आले तवा साहेब म्हनले, काकू, हिला जरा सांगून बघा, मला फादर पायजेत. ही मस्करी न्हाई म्हनावं. हिच्या मागारी बोलवायचं न्हाई मला, तिला लागंल. तुमी सांगा. त्यास्नी बोलाया दम पुरत नव्हता, तरी दोनदा म्हनले."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "तुमचं दोघांचं रोजचंच त्ये. मला वाटलं, आजबी कोन जिकतंय त्येच चाललंय. नवरा-बायकूच्यात मी कशाला पडू? माज्यानं चुकलं, बाई."

मी म्हटलं, "तुमचं नाही चुकलं." त्या म्हणाल्या, "तुमी ऐकाया पायजे व्हतं त्यांचं," आणि दुधाचं रिकामं भांडं उचलून गेल्या. एवढं सरळ मला तोवर दुसरं कोणी बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून मला झोप लागेना, अन्न गोड लागेना. मी देवाला सांगितलं. वडिलांनी शिकवलं तसं, दार लावून, स्वतःच्या शब्दांत, काही न लपवता. एकदा नाही, रोज सांगितलं. माझ्या धर्माप्रमाणे एवढ्यावर क्षमा मिळते, आणि ती मिळाली यावर मी विश्वास ठेवायचा असतो. विश्वास ठेवता येत नव्हता. खोलीत माझाच आवाज येत होता आणि मला माझ्या आवाजाचा भरवसा उरला नव्हता. बनवणारा आणि मोजणारा एक.

म्हणून मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, पळीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही यात पाप कुठलं केलंत? तेलाने आणि माणसाच्या शब्दाने कोणाचं तारण होत नाही. तुमच्या मिस्टरांचा ख्रिस्तावर विश्वास होता, ते तरले. तुम्ही त्यांना शेवटच्या घडीलाही सत्याचीच साक्ष दिलीत. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही, उलट आनंद करण्यासारखं आहे." मग त्यांनी माझ्या धैर्याबद्दल देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं. त्यांच्या बायकोने चहा आणला, तोही घेतला. परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की माझ्या नवऱ्याला मरताना हवं होतं ते न दिल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली आहे. आणि त्यात धर्माच्या दृष्टीने एकही चूक काढता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या तरुण फादरांकडे गेले. कार्यालयातल्या बाईंना म्हटलं, मला पापनिवेदन करायचंय. आयुष्यात हा शब्द मी चेष्टेशिवाय पहिल्यांदा उच्चारला असेन. फादरांनी मला ओळखलं. त्यांनी पापं ऐकायच्या लाकडी जाळीच्या जागेत नेलं नाही, बाजूच्या खोलीत खुर्ची दिली आणि दार अर्धवट लोटलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर ते आधी नवऱ्याबद्दल बोलले. त्याने मागितलं होतं, त्याची इच्छा खरी होती, आणि जे मिळालं नाही त्यात त्याचा दोष नव्हता. अशा वेळी इच्छा हीच पुरेशी धरली जाते, असं चर्च शिकवतं. त्याबद्दल निश्चिंत राहा, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे यालाही शतकानुशतकं विचार करून ठरवलेलं उत्तर होतं. माझ्या नवऱ्याला हे माहीत असणार. तरी त्याने दोनदा मागितलं होतं.

मी विचारलं, "आणि माझं?"

ते म्हणाले, "तुमचं दुखणं खरं आहे. चूकही खरी आहे, ती नव्हतीच असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही त्यांचं ऐकण्यापेक्षा जिंकणं पुढे ठेवलंत." किती दिवसांनी कोणीतरी हे मोठ्याने म्हणालं होतं. मला रडू आलं आणि त्या रडण्यात थोडं बरं वाटलं.

मी म्हटलं, "मग ते वाक्य म्हणा. क्षमेचं."

ते फार हळू आवाजात म्हणाले, "ते मला म्हणता येणार नाही, मॅडम. तुम्ही आमच्या चर्चच्या नाही. तो संस्कार आमच्या लोकांसाठी आहे. मी तुमच्यासाठी प्रार्थना करू शकतो, तुम्ही केव्हाही येऊन बोलू शकता. पण ते वाक्य नाही." मग प्रामाणिक माणूस म्हणून त्यांनी पुढचंही सांगितलं, "जिवावर बेतलं असेल, तुमचे पाळक मिळत नसतील आणि तुम्ही स्वतःहून मागितलंत, तर वेगळं. तेव्हा नियम सैल होतो."

मला नियम कळला. का आहे तेही कळलं. ज्याला तुम्ही मानत नाही त्याच्याकडून तुम्ही ते घेऊ शकत नाही, यात अन्याय काहीच नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि बहुतेक इतक्या मायेने म्हटलं नसतं. मी वाद घातला नाही. एकही मुद्दा मांडला नाही. खुर्ची मागे सरकवून उठले, त्यांनी दार उघडून धरलं.

माझी माणसं म्हणतात, तुझं पापच नाही. त्याची माणसं म्हणतात, पाप आहे, पण क्षमा तुझ्यासाठी नाही. दोघांची बाजू मला पक्की माहीत आहे. दोन्ही बाजूंनी मी एक-एक तास बोलू शकते, आणि समोरचा हरेल इतकं नीट बोलू शकते. ज्याच्यापुढे हरायला आता मी तयार आहे, तो फक्त नाही.